मागे-पुढे चालताना : रतनगड ते हरिश्चंद्रगड

रतनगड ते हरिश्चंद्रगड ही घाटमाथ्यावरची जुनी, पुष्कळांनी तुडवलेली वाट आहे. कुठे वळायचं, पाणी कुठे मिळतं, शिडी कुठे लागते याची माहिती शोधाल तर ढिगाने सापडेल, म्हणून इथे ती बेताचीच देतो. मला लिहायचंय ते वेगळं. चार-दोन दिवस पायवाटेवर असली की पुरुषमाणसं काय बोलतात, कशी बोलतात आणि घरी का बोलत नाहीत, याबद्दल.

बरोबर कोण होतं ते आधी सांगतो. माझा मेहुणा, त्याची नोकरी पावसाळ्याच्या तोंडावर गेली होती. माझा थोरला चुलतभाऊ, म्हणजे दादा. 'काही होत नाही' हे त्याच्याकडचं सगळ्या दुखण्यांवरचं एकमेव औषध. आणि सर, गणिताचे शिक्षक, निवृत्त, काकू गेल्यापासून दूध आणायलासुद्धा नाइलाजाने बाहेर पडणारे. नावं कुणाचीच लिहीत नाही. मेहुण्याने हे सगळं वाचलंय, दोन ठिकाणी खोडलंय आणि उरलेलं राहू द्या म्हणालाय.

ट्रेकची कल्पना दादाची, पण भरीस घातलं माझ्या बायकोने. "याला कुठेतरी घेऊन जा," ती म्हणाली. "मी विचारलं की 'ठीक आहे ताई' एवढंच म्हणतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो."

पहिला दिवस : रतनवाडी, रतनगड

शेंडीपासून रतनवाडीपर्यंतचा रस्ता भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसे घालत जातो. 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण आणि त्यामागे अडलेलं प्रवरेचं पाणी. ही प्रवरा रतनगडाच्याच कुशीतून निघते, म्हणजे आपण नदीच्या उलट्या दिशेने तिच्या माहेरी चाललेलो असतो. ठरवलेल्या जीपमध्ये मात्र या पाण्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं. जो तो आपापल्या मोबाइलमध्ये. शेंडी मागे पडली तशी रेंज डळमळू लागली आणि एकेक मान वर आली.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडातलं, खांबाखांबावर कोरीव काम आणि बाजूला रेखीव पुष्करणी. सर तिथे अडकले. एका खांबावरची नक्षी बोटाने मोजत राहिले. दादा घाई करत होता, पण मामांनी त्याला थांबवलं. मामा म्हणजे आमचे वाटाडे, रतनवाडीचेच. "बघू द्या त्यांना. गड कुठं पळून जात नाही."

गडाची चढण सुरुवातीला गर्द झाडीतून आहे. डिसेंबर असूनही सावलीत ओल होती. वर गेल्यावर कडा आडवा येतो आणि लोखंडी शिड्या लागतात. शिडीवर एका वेळी एकानेच चढायचं, असं मामांनी बजावलं. मेहुणा माझ्या पुढे होता. घरी ज्याचा चमचा बशीत ठेवतानाही हात रेंगाळतो, तो माणूस गार लोखंडाचा दांडा घट्ट धरून, पाय नीट टेकवून, पुढचा दांडा शोधून वर सरकत होता. हात, पाय, दांडा. बाकी काही नाही. वर पोचल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "दाजी, एवढा वेळ डोक्यात काहीच आलं नाही."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं, कारण ते खरं असायला चांगलं कारण आहे. नैराश्यात माणूस तेच ते विचार चघळत बसतो: माझं काय चुकलं, आता काय होणार, लोक काय म्हणत असतील. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये नेमकं हे चघळणंच तपासलं होतं. काही लोकांना दीड तास झाडागवतातून चालायला पाठवलं, काहींना तेवढाच वेळ रहदारीच्या रस्त्याने. निसर्गात चाललेल्यांचं असं विचार उगाळणं कमी झालं आणि मेंदूच्या ज्या भागाचा त्याच्याशी संबंध आहे तिथली हालचालही मंदावली. रस्त्याने चाललेल्यांत तसा फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, अडतीस माणसांचा. त्यावरून डोंगर म्हणजे रामबाण असं कुणी म्हणू नये. पण शिडीवर मेहुण्याला जे जाणवलं ते निव्वळ मनाचे खेळ नव्हते एवढं तरी त्यातून कळतं.

माथ्यावर नेढं आहे. कड्याला आरपार पडलेलं भगदाड, वारा त्यातून सुसाट येतो. आत बसलं की एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी आणि कळसूबाई, अलंग-मदन-कुलंगची रांग. दुसरीकडे आजोबाचा डोंगर आणि पार लांब, उद्या-परवा जायचं तो हरिश्चंद्रगड. दादाने व्हिडिओ काढला, त्यात स्वतःच्या वेगाचं वर्णन केलं आणि किती वेळात चढलो ते सांगितलं. या एका गोष्टीशी माझं कधीच जुळत नाही. ऑफिसात ज्या शर्यतीने जीव नकोसा होतो, तीच पाठीवर घेऊन डोंगरात यायचं आणि वर तिला मोकळा श्वास म्हणायचं! मागे राहिलेल्याने मग दम लागल्याचंही लपवायचं.

रात्री मुक्काम मामांकडे. दादाने पिशवीतून 'रात्रीची सोय' काढायला सुरुवात केली तसे मामा शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात चालत नाही ते." बाटली जीपवाल्याच्या हवाली झाली आणि जीपबरोबर परत गेली. बरंच झालं. दारूने झोप येते असं वाटतं खरं, पण ती उत्तररात्री झोप मोडते आणि आधीच खचलेल्या मनाला आणखी खाली नेते. पुरुषांच्या ट्रेकमध्ये मन मोकळं करायला बाटली लागतेच, असा एक समज आहे. त्या समजाने किती ट्रेक वाया गेले असतील कोण जाणे.

पहाटे तीनच्या सुमारास मला जाग आली तर मेहुण्याचं अंथरूण रिकामं. तो अंगणात शाल पांघरून बसला होता. मामाही उठून बसले होते, बिडी ओढत. दोघंही बोलत नव्हते. मी परत आत आलो.

दुसरा दिवस : कात्राबाईची खिंड, कुमशेत

सकाळी कालचीच वाट. रतनगडाच्या फाट्यावर मात्र गडाकडे न वळता सरळ जायचं. तिथून पुढे कात्राबाईच्या खिंडीपर्यंत जंगल. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग आहे. वाट इतकी अरुंद की एकामागे एकच चालता येतं. पुढे मामा, मग सर, मग मी, मागे मेहुणा, शेवटी दादा.

आणि इथे, कसलीही सुरुवात न करता, सर बोलायला लागले. मान वळवली नाही, आवाजही चढवला नाही. काकूंच्या आजारपणाबद्दल. दवाखान्यातल्या रात्रींबद्दल. ती गेल्यावर पहिल्यांदा कुकर लावला तेव्हा शिट्ट्या किती करायच्या हेच माहीत नव्हतं आणि विचारायला ज्या खोलीत गेलो ती रिकामी होती, त्याबद्दल. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. सॅकचा एक पट्टा पिळला गेला होता आणि ते चालता चालता तो सरळ करायला बघत होते. मधेच म्हणाले, "दगड सुटलेत, जपून," आणि पुढचं वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

याच सरांना आम्ही दिवसकार्याला भेटलो होतो, समोरासमोर खुर्च्या टाकून. तेव्हा ते पेन्शनच्या कागदांबद्दल बोलले होते.

समोरासमोर बसलं की पुरुष गडबडतो, असं माझं मत बनत चाललंय. समोरचा बघतोय, आपला चेहरा वाचतोय, काहीतरी उत्तर द्यायला हवं. त्यापेक्षा क्रिकेट परवडलं. एकामागे एक चालताना बघण्याचा प्रश्नच मिटतो. हाताला काठी, पायाला वाट, डोळ्याला पुढचा दगड. बोलणं हे मुख्य काम राहत नाही आणि म्हणूनच ते होतं. गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही, कारण चालणं चालूच असतं. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात 'मेन्स शेड' नावाने पुरुषांसाठी सामाईक कार्यशाळा सुरू झाल्या. तिथे निवृत्त, एकटे पडलेले पुरुष लाकूडकाम करतात, यंत्रं दुरुस्त करतात. त्या चळवळीचं तत्त्वच हे की पुरुष समोरासमोर नाही, खांद्याला खांदा लावून बोलतात. आमच्या वाटेवर खांद्याला खांदा लावण्याइतकी जागा नव्हती, एवढाच काय तो फरक.

खिंडीत कात्राबाईचं लहानसं ठाणं आहे, शेंदूर लावलेलं. मामांनी हात जोडले, आम्हीही जोडले. पाणी प्यायलो. सर गणिताचे असल्याने त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा आकडा असतो. तो इथे निघाला, कारण दादा म्हणाला होता की डिप्रेशन वगैरे बायकांना जास्त.

"निदान त्यांचं जास्त होतं म्हण," सर म्हणाले. "मरतात पुरुष जास्त. सरकारचाच आकडा आहे. 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातले 1,22,724 पुरुष. दहातले सात. काढ भागाकार."

दादाने भागाकार काढला नाही. मेहुणा त्या वेळी बुटाची नाडी सोडून परत बांधत होता. आधीची गाठ घट्टच होती.

खिंडीतून उतरण तीव्र आहे, घसाऱ्याची. उतरताना कुणीच बोललं नाही, कारण गुडघे बोलत होते. कुमशेतला पोचेस्तोवर दुपार कलली. संध्याकाळी अंगणात बसून समोरचा आजोबाचा डोंगर काळा पडताना बघितला, भाकरी खाल्ली आणि शहरात ज्या वेळी जेवायला बसतो त्या वेळी झोपून गेलो. मेहुण्याची झोप पुन्हा पहाटे मोडली, पण तीनला नव्हे, साडेचारला. हे त्यानेच सकाळी सांगितलं, न विचारता. दिवसभराचं चालणं आणि दिवसभराचा उजेड. घरातल्या दिव्याचा प्रकाश काहीशे लक्सचा असतो आणि उघड्यावरच्या उन्हाचा काही हजारांपासून लाखापर्यंत. शरीरातलं झोपेचं घड्याळ त्या उजेडावर लागतं. पडदे ओढून टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचं घड्याळ बिघडलं तर नवल नाही.

तिसरा दिवस : मुळेचं पात्र, पेठेची वाडी, पाचनई

हा दिवस दिसायला सगळ्यात साधा. किल्ला नाही, शिडी नाही. कुमशेतहून उतरून मुळेचं पात्र ओलांडायचं, पलीकडे चढून पेठेची वाडी आणि तिथून पाचनई. वर्णन करण्यासारखं विशेष नाही, आणि तरी मला हाच दिवस तपशीलवार आठवतो.

पात्रात पाणी थोडं होतं, दगडांवरून उड्या मारत गेलो. पलीकडच्या चढणीवर सर आणि दादा मामांबरोबर पुढे निघाले. मेहुणा मागे रेंगाळला, मी त्याच्यासाठी रेंगाळलो. थोड्या वेळाने तो पुढे आणि मी मागे, अशी चाल जमली.

"तीनला उठून काय करतोस रे?" मी विचारलं.

"हिशेब." मग बराच वेळ काही नाही. "हप्ता किती, शिल्लक किती, किती महिने निघतील. तो संपला की दुसरा. मी नसतो तर घराला किती सोपं गेलं असतं, हा."

आमच्या ऑफिसात एकदा मानसिक आरोग्यावर सत्र झालं होतं. बाईंनी एक गोष्ट ठासून सांगितली होती: शंका आली तर आडून विचारू नका, सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे. उलट, कुणीतरी हे ऐकू शकतं याचाच आधार वाटतो. सत्रात ऐकायला सोपं होतं. तिथे चढावर, त्याच्या पाठीकडे बघत, तो प्रश्न जिभेवर आणायला मला एक पूर्ण वळण लागलं.

"जीव द्यावा असं येतं का मनात?"

तो थांबला नाही. पाच-सहा पावलं टाकली.

"येतं," तो म्हणाला. "रोज नाही. पण येतं."

"काही ठरवलंयस का?"

"नाही. पोरीचा चेहरा येतो मग मध्ये." काठीने त्याने एक दगड वाटेतून बाजूला सारला. "दाजी, हे कुणाला बोललो नव्हतो. समोर बसवून विचारलं असतंत तर आत्ताही नसतो बोललो."

मी उपदेश केला नाही. 'असं कसं म्हणतोस', 'सगळं ठीक होईल', 'लोकांकडे बघ, किती वाईट परिस्थिती असते' ही वाक्यं आपल्याकडे तयारच असतात आणि त्यांनी ऐकणाऱ्याचं तोंड बंद होण्यापलीकडे काही होत नाही. मी एवढंच म्हणालो की बोललास ते फार बरं केलंस, आता हे तू एकट्याने उचलायचं नाही आणि यावर डॉक्टर असतात. तो 'हं' म्हणाला. मग नोकरी गेली त्या दिवसाबद्दल बोलायला लागला. ओळखपत्र काढून घेतलं, लिफ्टपर्यंत सोडायला सुरक्षारक्षक आला, तो ओळखीचा होता आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. पेठेची वाडी येईपर्यंत तो बोलत होता.

वाडीत पाण्याला थांबलो तेव्हा मी त्याला विचारलं, "दादा आणि सरांना सांगू का?"

"सांगा. पण दादा भाषण देईल."

दादाने भाषण दिलं नाही. ऐकलं, थोडा वेळ जमिनीकडे बघत राहिला आणि उठून मेहुण्याची सॅक उचलायला गेला. मेहुण्याने ती हिसकावून परत घेतली. "पाय शाबूत आहेत माझे!" त्यावर दोघंही हसले. त्या दिवसात तो पहिल्यांदाच मोकळं हसला असेल.

पाचनईत मामांच्या सोयऱ्यांकडे मुक्काम होता. रात्री आम्ही मोठ्या माणसांसारखं बसून ठरवलं. एक, त्याला एकटं ठेवायचं नाही. सरांनी स्वतःहून त्याच्याशेजारी अंथरूण टाकलं, म्हणाले मलाही रात्री कुणीतरी असलेलं बरं वाटतं. दोन, उद्या रेंज मिळाली की फोन करायचा. तीन, कोकणकड्यावर तो जाणार नाही आणि मीही नाही. हे तिसरं कलम त्यानेच सुचवलं. "आत्ता कड्यावर नको मला," एवढंच म्हणाला. आम्ही का म्हणून विचारलं नाही.

चौथा दिवस : हरिश्चंद्रगड

पाचनईची वाट गडावर जाणाऱ्या वाटांमधली सगळ्यात सोपी. पुढे झुकलेल्या प्रचंड कातळाच्या पोटाखालून ती आडवी जाते. सकाळचा गारवा दगडात भरून राहिलेला. पुढे ओढ्याकाठाने सपाटीवर आलं की हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ.

या देवळाबद्दल, चांगदेवांनी इथे केलेल्या वास्तव्याबद्दल, सप्ततीर्थ पुष्करणीबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे आणि पुष्कळांनी चांगलं लिहिलंय. आम्ही केदारेश्वराच्या गुहेत गेलो. मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं पाणी, चार खांबांपैकी एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगं, शेवटचा पडला की जग बुडणार, असं सांगतात. मेहुणा पाण्यात उतरला. डिसेंबरचं ते पाणी हाडांत शिरतं. तो किंचाळला, शिवी हासडली, देवाची माफी मागितली आणि प्रदक्षिणा पुरी करूनच बाहेर आला. कापत होता, ओठ निळे पडले होते, आणि वर सरांनाच आव्हान देत होता. सर खरोखर उतरले. त्यांची किंकाळी मोठी होती.

त्यानंतर दादा आणि मामा कोकणकड्याकडे गेले. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला तो कडा. त्याचं इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, 1835 साली कर्नल साइक्सने पाहिल्याची नोंद आहे. खालून चढणाऱ्या धुक्यावर मागून ऊन पडलं तर ते दिसतं, त्यामुळे कोरड्या डिसेंबरात त्याची आशा नव्हतीच. आम्ही देवळाजवळच थांबलो.

देवळामागच्या चढावर थोडी रेंज मिळाली. टेली-मानसचा क्रमांक 14416. केंद्र सरकारने ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केली. दिवसरात्र चालते, फोन फुकट लागतो, सुरुवातीला भाषा निवडता येते. मेहुण्याने मराठी निवडली. मी आणि सर दिसत राहू पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर बसलो. पलीकडून काय विचारलं ते मला ठाऊक नाही. तो उभा राहून बोलू लागला, मग येरझाऱ्या घालत, मग एका दगडावर बसून. दोनदा रेंज गेली, दोनदा त्याने परत लावला. हे परत लावणं मला त्या सबंध ट्रेकमधलं सगळ्यात मोठं काम वाटतं. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. पहिला फोनच बहुतेकांकडून होत नसावा. इथे तर रेंजही दगा देत होती.

बोलणं झाल्यावर तो आमच्याकडे आला. "सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथे जा म्हणाल्या. घरी एकाला सांगून ठेवा म्हणाल्या. मी म्हटलं, तिघांना सांगितलंय, आणि एक मामा." मग चपलांमधलं पाणी झटकत म्हणाला, "दाजी, भूक लागलीय."

दादा अपेक्षेपेक्षा लवकर परतला. कड्याचा एकही व्हिडिओ दाखवला नाही. कसा होता विचारलं तर म्हणाला, "आहे तिथेच आहे."

परतीची जीप पाचनईला आली होती. राजूरपर्यंत मोठा वाद झाला. दादाचं म्हणणं, चालल्याने एवढा फरक पडतो तर गोळ्या कशाला, रोज पहाटे उठवून चालवतो याला. माझं म्हणणं दोन्ही हवं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा 1999 चा एक प्रयोग मी त्याला सांगितला. नैराश्य असलेल्या, पन्नाशीपुढच्या 156 लोकांपैकी काहींना व्यायाम दिला, काहींना औषध, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारलेले निघाले. दादा खुशीत आला. मग पुढचं सांगितलं : सुरुवातीचा उतार औषधाने लवकर पडला होता, आणि हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाललं होतं, चुलतभावाच्या नव्हे. ज्याच्या मनात मरणाचे विचार येतात त्याने 'डोंगरात जा, बरं वाटेल' यावर विसंबणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. डोंगराने त्याचं तोंड उघडलं. पुढचं काम दवाखान्याचं.

"मग डोंगराचा उपयोग काय?" दादा इरेला पेटला होता.

"आठवड्याला दोन तास," सर मागून म्हणाले. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांची पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली होती, ती त्यांनी वाचली होती. आठवड्यात मिळून किमान 120 मिनिटं झाडीत, पाण्याकाठी, उघड्यावर घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं होतं. सलग दोन तास की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडत नव्हता. "म्हणजे दर वेळी गडच लागतो असं नाही. आमच्या घरामागची टेकडीही चालेल. फक्त मला कुणीतरी हाक मारायला या. एकटा मी उठत नाही."

हे सगळं घडून आता काही महिने झाले. मेहुण्याचा उपचार चालू आहे. पहिल्या गोळीने तोंड कोरडं पडायचं म्हणून ती बदलली, दुसरी मानवली. नोकरी पूर्वीइतक्या पगाराची मिळालेली नाही, हप्त्याचा हिशेब अजून आहे, पण तो पहाटे तीनला होत नाही. टेकडीवर आम्ही रविवारी जातो. सरांना हाक मारायचं काम मेहुण्याकडे आहे आणि ते तो इतक्या मोठ्याने करतो की शेजाऱ्यांची तक्रार आलीय. दादा उशिरा येतो, पण येतो. अधूनमधून मधेच मागे राहून कुणाशी तरी हळू आवाजात बोलतो. काय ते मला माहीत नाही, त्या वेळी मी पुढे असतो.

कोकणकडा आता बघायचाय, असं मेहुणा परवा म्हणाला. डॉक्टरांना विचारून ठरवू असं मी सांगितलंय. दादाने विचारायच्या आधीच पाचनईची जीप सांगून ठेवलीय आणि बाटली न्यायची नाही, हे जीपवाल्यालाच बजावलंय.